आधी वही, मग विमान: नाशिकमध्ये स्वयंसेवकांच्या बळावर विमान-संग्रहालय कसं चालवायचं

महिन्या-दोन महिन्यांनी एक फोन ठरलेला असतो. कधी निवृत्त कामगारांचा गट, कधी एखाद्या गावचे सरपंच, कधी इंजिनिअरिंगची मुलं. विचारणा तीच: "मॅडम, आम्हाला एक मिग-२१ उभं करायचंय. अर्ज कुठे द्यायचा?" २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला वायुदलानं मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, त्यानंतर तर हे फोन वाढलेच. मी त्यांना म्हणते, अर्जाचं शेवटी बघू. आज दुकानात जाऊन जाड पुठ्ठ्याची, पानांवर आकडे छापलेली एक मोठी वही घेऊन या. समोरचा जरा हिरमुसतो. फोनवर कारण नीट सांगून होत नाही, म्हणून सगळं इथे लिहून काढतेय.

आम्ही महामार्गालगत एका बंद पडलेल्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हे काम करतो. पगारी माणूस एकही नाही. आख्खं विमानही नाही. दोन ड्रॉप टँक (विमानाबाहेर टांगायच्या इंधनटाक्या), एक चाक, कॉकपिटमधले काही मीटर, पंखाचा एक कापलेला तुकडा, हत्यारांच्या पेट्या, भरपूर फोटो आणि निवृत्त माणसांच्या रेकॉर्ड केलेल्या आठवणी, एवढाच पसारा. तरी लोक येतात आणि दोन-दोन तास रेंगाळतात.

नाशिकचं स्वतःचं काय, ते एका वाक्यात लिहा

विमानांची मोठी संग्रहालयं देशात आहेत. दिल्लीत पालमला वायुदलाचं, गोव्यात १९९८ पासून नौदलाच्या विमानांचं, बेंगळुरूला २००१ पासून एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचं. सुरुवात करण्याआधी यातलं निदान एक पाहून या, शक्य असेल तर दोन. पण त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नका. विमानांच्या संख्येत आपण त्यांना कधीच गाठणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

यशवंतराव चव्हाण १९६२ च्या अखेरीस संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, आणि १९६४ मध्ये नाशिकजवळच्या ओझरला एचएएलचा मिग कारखाना उभा राहू लागला. काम तीन गावांत वाटलेलं होतं: सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. सुरुवातीला सोव्हिएत संघातून आलेले भाग इथे जोडायचे. कच्च्या मालापासून इथे घडवलेलं पहिलं मिग-२१ वायुदलाच्या ताब्यात गेलं ते १९७० मध्ये. पुढे मिग-२७ झालं, सुखोई-३० झालं, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. शेजारीच वायुदलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे आणि गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं.

हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर कळतं, की नाशिकची गोष्ट पत्रा कापणाऱ्या, जिगवर (भाग जागच्या जागी धरणाऱ्या साच्यावर) बसवणाऱ्या आणि रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यासारख्या पिना) मारणाऱ्या माणसांची आहे. वैमानिकांच्या शौर्यकथा इतरत्र पुष्कळ लिहून झाल्यात. माझे वडील शीट मेटल शॉपमध्ये होते. पहाटेच्या बसनं जायचे, आणि घरी आल्यावर कामाचं अवाक्षर काढायचे नाहीत. गोपनीयतेची शिस्त अंगात मुरलेली. अशी हजारो घरं ओझर, पिंपळगाव, निफाड, पंचवटी, नाशिकरोडला आहेत, आणि त्या घरांतली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

आमचं वाक्य असं ठरलं: "ओझर परिसरातल्या हातांनी विमानं कशी बांधली आणि दुरुस्त केली." ते भिंतीवर लावलंय. या वाक्यामुळे आम्ही अनेक वस्तू हात जोडून परत केल्या. एका गृहस्थांनी तोफगोळ्याची जुनी पितळी टोपणं आणली होती. वस्तू सुंदर होती, पण तोफखान्याचा वारसा जपणारं संग्रहालय आपल्याच नाशिकमध्ये आहे. त्यांना तिकडचा पत्ता दिला. नकार देता आला नाही तर संग्रहालयाचं गोदाम व्हायला वर्ष लागत नाही.

पहिलं खरं काम: माणसांना बोलतं करणं

जागा नसेल, पैसे नसतील, नोंदणी झालेली नसेल, तरी हे काम उद्या सकाळी सुरू करता येतं. आणि हे एकच काम असं आहे, की उशीर झाला तर परत कधीच होणार नाही.

फोनमधला रेकॉर्डर पुरतो, पण गळपट्टीला लावायचा साधा वायरवाला माइक घ्या. पंखा बंद, टीव्ही बंद, मिक्सर बंद. आणि बसण्याआधी एक गोष्ट विचारा: "काका, कोणत्या कानानं नीट ऐकू येतं?" रिव्हेटिंगमध्ये आयुष्य गेलेल्या बहुतेकांना कमी ऐकू येतं आणि ते कबूल करायला त्यांना संकोच वाटतो. चांगल्या कानाच्या बाजूला बसलात की मुलाखत दुप्पट लांबते.

"तुमचे अनुभव सांगा" असं विचारू नका. त्यावर भाषण मिळतं. हातात वस्तू द्या. आमच्याकडे पंखाचा जो तुकडा आहे, तो आम्ही एका निवृत्त फिटर काकांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि तर्जनीचं टोक रिव्हेटच्या रांगेवरून हळूहळू फिरवत नेलं. सातव्या-आठव्या रिव्हेटवर बोट थांबलं. "हा वर राहिलाय," म्हणाले. आम्ही वाकून पाहिलं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. मग पाऊण तास ते बोलत राहिले. रिव्हेट मारायला दोघं लागतात, एक बाहेरून गन धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आतला माणूस पत्र्यावर ठोके देतो: एक ठोका म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. काकांनी मांडीवरच्या तुकड्यावर ते ठोके वाजवून दाखवले. आमच्या संग्रहातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट कोणती म्हणाल तर हे तीन सेकंदांचं रेकॉर्डिंग.

रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी संमतिपत्रावर सही घ्या. साधं, मराठीत, एका पानाचं: हे संग्रहालयात ऐकवलं तर चालेल का, इंटरनेटवर टाकलं तर चालेल का, नाव द्यायचं की नाही. घरातल्या एका तरुण माणसालाही ते वाचून दाखवा. फाइलच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. एकाच लॅपटॉपवर विसंबू नका.

कागदांच्या बाबतीत मात्र थांबा. जुन्या पेट्यांमधून कधी ड्रॉइंग, कधी कारखान्यातलं रजिस्टर, कधी "गोपनीय" शिक्क्याचा कागद निघतो. असा कागद स्कॅन करू नका, फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा असला तरी आजही लागू आहे. घरच्यांना सांगा, की संबंधित खात्याकडे विचारणा करूनच पुढचं ठरवू. आजोबांच्या नावाला त्रास होईल असं आपल्या हातून काही होता कामा नये. आणि ड्रोननं परिसराचं छान चित्रीकरण करू असं कुणी सुचवलं, तर विमानतळाभोवतीच्या प्रतिबंधित क्षेत्राचा नकाशा त्यांच्यापुढे ठेवा.

आता ती वही

ग्रंथालयात जिला दाखल नोंदवही म्हणतात, तीच ही. वस्तू दारातून आत आली की तिला दाखल क्रमांक मिळाला पाहिजे, खुर्चीवर बसून चहा पिण्याआधी. आम्ही तीन भागांचा क्रमांक देतो: वर्ष, त्या वर्षातला कितवा देणगीदार, त्याच्या वस्तूंमधली कितवी. २०२५.१४.३ म्हणजे २०२५ मधल्या चौदाव्या देणगीदाराची तिसरी वस्तू. पुढे: वस्तूचं वर्णन, मोजमाप, अवस्था, कुणी दिली, कशी दिली, घरात ती कशी आली याची त्यांनी सांगितलेली हकीकत, आता कोणत्या कपाटात आहे. शाईच्या पेननं किंवा बॉलपेननं, खाडाखोड न करता. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही. संगणकावर एक्सेलमध्ये दुसरी प्रत ठेवाच, पण मूळ वही ती वही. माणसं बदलतात, पासवर्ड हरवतात, वही कपाटात सापडते.

"कशी दिली" या रकान्यावर आमचं एक मोठं दुखणं आहे. सुरुवातीच्या वर्षी एका कुटुंबानं आजोबांचा अल्बम दिला. ओळखीचे लोक, कागद कशाला, असं वाटलं. दोन वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या भावाचा फोन आला: अल्बम माझा आहे, परत करा. देणगी होती की बघायला दिला होता, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही अल्बम परत केला. चूक पूर्ण आमची होती, आणि त्यात दोन भावांमध्ये वितुष्ट आलं याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून दोन वेगळ्या पावत्या आहेत. एक कायमच्या देणगीची, एक ठरावीक मुदतीसाठी उसनं घेतल्याची. "राहू द्या तुमच्याकडे, बघू पुढे" असं म्हणून कुणी वस्तू ठेवायला लागलं तर नम्रपणे परत द्या.

भंगारवाल्याकडून काही घेत असाल तर बिल आणि तो माल लिलावात कसा आला त्याचा कागद मागा. कागद नसेल तर वस्तू कितीही मोहाची असली तरी सोडा.

क्रमांक वस्तूवर कसा लिहायचा? थेट मार्करनं कधीच नाही. कडक वस्तू असेल तर संवर्धनासाठी वापरतात त्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक लेपाचा पातळ थर नखाएवढ्या जागेवर द्या, वाळला की त्यावर बारीक पेननं क्रमांक, त्यावर पुन्हा एक थर. हवं तेव्हा ॲसिटोननं निघून येतो. रंगवलेल्या पृष्ठभागाला आणि प्लॅस्टिकला हे लावू नका. तिथे पांढऱ्या सुती नाडीला चिठ्ठी शिवून बांधा.

आणि स्वच्छतेचा उत्साह आवरा. आमच्याकडे एका होतकरू मुलानं रविवारभर बसून एक झाकण पितळेच्या पॉलिशनं चकाचक केलं. आतल्या बाजूला पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं होतं. कदाचित तपासणाऱ्याची खूण, कदाचित नाव. आम्ही त्याचा फोटोही काढला नव्हता. ते कायमचं गेलं. आता नियम असा: आधी चारी बाजूंनी फोटो, मग मऊ ब्रशनं धूळ, आणि त्यापुढचं काही करायचं असेल तर दोन माणसांच्या सहीनं.

नोंदणीचं थोडक्यात

सात माणसं जमवा आणि संस्था म्हणून नोंदणी करा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हीखाली काम धर्मादाय आयुक्तांच्या नाशिकच्या कार्यालयातून होतं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. निम्म्या संस्था इथेच अडकतात आणि दहा वर्षांनी जागेच्या करारावर सही कोण करणार हा प्रश्न उभा राहतो. ज्याला सगळे "ऐंशी जी" म्हणतात ती आयकराची नोंदणी झाली, की देणगीदाराला सवलत मिळते. सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे त्यांच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी, जाणार असाल, तर सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा. राष्ट्रीय वारशाचं जतन हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, हे अर्जात स्पष्ट लिहा. परदेशातल्या नातवाकडून आलेले पैसे थेट खात्यात घेऊ नका, आधी सीएला विचारा. नातवाकडे परदेशी नागरिकत्व असेल तर त्याला वेगळा कायदा लागतो.

पैशांपेक्षा मदत मागितली तर लवकर मिळते, हा माझा अनुभव. आमचे सगळे स्टँड अंबडच्या एका फॅब्रिकेटरनं उरलेल्या अँगलमधून करून दिले.

जागा: काळी माती, दव आणि फवारणी

यावर मला जास्त बोलायचंय, कारण परदेशी पुस्तिकांमध्ये आपल्या निफाड-दिंडोरीचं हवामान सापडत नाही.

आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जड वस्तू सरळ मातीवर किंवा पातळ कोब्यावर ठेवली तर दोन पावसाळ्यांत कलते. काळी माती खणून काढायची, मुरूम भरून दाबून घ्यायचा, मग काँक्रीट. हा खर्च टाळला की पुढे दुप्पट होतो.

पावसाळ्याची भीती सगळ्यांना असते; मला हिवाळ्याची जास्त वाटते. निफाडला पहाटे पारा राज्यातल्या नीचांकाला टेकतो आणि दुपारी चांगलं ऊन असतं. पत्र्याच्या शेडमध्ये थंडगार धातूवर सकाळी दव धरतं. मीटरच्या काचेआड, टाकीच्या शिवणीत, चाकाच्या खोबणीत ते पाणी बसून राहतं. उपाय फार साधे आहेत. सकाळी आल्याआल्या दारं सताड उघडू नका, वस्तू जरा कोमट होऊ द्या. शेडच्या पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्या. काचेच्या पेट्यांमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरा. त्यासाठी वेगळा तवा ठेवा, स्वयंपाकातला नको. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीनं वस्तू गुंडाळून ठेवणं सगळ्यात वाईट. आतली ओल आतच राहते. धुतलेली सुती चादर घाला.

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही. त्यावर पांढरी पूड येते, मग रंगाला फोड येतात, मग पापुद्रे सुटतात. जिथे ॲल्युमिनियमला पोलादी बोल्ट किंवा पितळी बुश लागलेलं असतं तिथे आधी. महिन्यातून एकदा टॉर्च तिरका धरून नेमक्या याच जागा तपासा आणि वहीत लिहा.

आणि फवारणी. द्राक्षबागेशेजारी जागा असेल तर बोर्डो मिश्रणाचा फवारा वाऱ्यानं उडून येतो. त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. तांब्याचे कण ओलसर ॲल्युमिनियमवर बसले, की त्या जागी बारीक खड्डे पडू लागतात. आमच्या ड्रॉप टँकवर पश्चिमेच्या अंगालाच डाग का पडतात, हे कळायला आम्हाला एक हंगाम लागला. तिकडे बाग होती. शेजारच्या दादांशी बोललो. ते आता फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करतात आणि आम्ही त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतो. शेडनेटची एक भिंतही उभी केली. नंतर डिस्टिल्ड पाण्यानं ओलावलेल्या सुती फडक्यानं हलकेच पुसून लगेच कोरडं करायचं.

कॉकपिटचं झाकण, म्हणजे कॅनॉपी, मिळालीच, तर काच पुसायचा निळा स्प्रे, स्पिरिट, ॲसिटोन यातलं काहीही त्याला लावू नका. ते काचेसारखं दिसणारं प्लॅस्टिक असतं. त्यात केसासारख्या भेगा पडतात आणि त्या जात नाहीत.

जीवावर बेतू शकणाऱ्या गोष्टी

इथे मी कुणाचाही उत्साह ऐकून घेत नाही.

आपल्याकडे रेडियम म्हटलं की गाडीच्या मागची चमकणारी पट्टी डोळ्यांसमोर येते. जुन्या विमानांच्या मीटरमध्ये मात्र हा शब्द शब्दशः खरा असू शकतो. अंधारात काटे दिसावेत म्हणून त्या काळी रेडियम मिसळलेला रंग वापरत. चमक काही वर्षांत विझते, किरणोत्सर्ग राहतो. रेडियम-२२६ निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. म्हणून "आता चमकत नाही म्हणजे काही नाही" हे चूक. मीटर कधीही उघडू नका, काच फुटलेला मीटर हातात घेऊ नका, मुलांना हाताळायला देऊ नका. वेगळ्या खोलीत, हवा खेळती ठेवून, बंद पेटीत, वर सूचना लावून ठेवा आणि मोजणी करून घेतल्याशिवाय मांडू नका. या क्षेत्राचं नियमन अणुऊर्जा नियामक परिषद करते. मार्गदर्शन तिथून घ्या.

वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीत स्फोटक काडतुसं असतात. अग्निशामक बाटल्या, कॅनॉपी उडवणारी यंत्रणा, यांतही असू शकतात. ती काढून निर्धोक केल्याचं लेखी प्रमाणपत्र देणाऱ्या खात्याकडून मिळाल्याशिवाय अशी वस्तू आवारात घेऊ नका. भंगारात दिसली तर हात न लावता मागे सरका आणि पोलिसांना कळवा.

विमानाच्या टायरमध्ये प्रचंड दाबाची हवा भरायची असते. आपल्याला उडायचं नाहीये. चाकं ट्रेसलवर, म्हणजे आधाराच्या घोडीवर, उचलून ठेवा. जुन्या चाकांमध्ये बऱ्याचदा मॅग्नेशियमचा मिश्रधातू असतो, त्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगची ठिणगी पडू देऊ नका. मॅग्नेशियम पेटलं तर पाण्यानं भडकतं. नाकावरच्या लांब पिटो ट्यूबच्या, म्हणजे वेग मोजायच्या नळीच्या, टोकाला कापलेला टेनिस बॉल आणि लाल फीत लावा. ते टोक नेमकं कुणाच्या तरी डोळ्यांच्या उंचीला येतं.

स्वयंसेवक टिकवायचे तर

सुरुवातीला तीस जण येतात. सहा महिन्यांनी आठ उरतात. त्या आठांवर सगळं चालतं, म्हणून त्यांच्या वेळेचा हिशेब पैशांसारखा ठेवा. आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळ्या ठरवतो. शनिवार-रविवार एवढेच दिवस उघडं, प्रत्येक पाळीला किमान दोघं, आणि एक जण आला नाही तर त्या दिवशी बंद. दारावर तशी पाटी लागते. आधी लाज वाटायची, पण एकट्या माणसावर कुलूप, पाहुणे आणि शाळेची मुलं टाकणं जास्त वाईट.

निवृत्त काका आणि कॉलेजातली मुलं यांची जोडी लावा. काकांना वस्तू ओळखता येते, मुलांना स्कॅनिंग येतं. काकांना शिडीवर चढू देऊ नका, ते ऐकणार नाहीत, तरी नको. चाव्या दोघांकडे, बँकेच्या सह्या दोघांच्या, वहीची जबाबदारी एकीची आणि तिला एक मदतनीस. सगळ्यांचा अपघात विमा काढा. दिवाळीआधी एक दिवस सगळ्यांच्या घरच्यांना बोलवा, मिसळ खाऊ घाला आणि त्यांचं माणूस रविवारी नेमकं काय करतं ते दाखवा. घरून पाठिंबा असलेला स्वयंसेवक वर्षानुवर्षं टिकतो.

फलक आणि शाळा

फलक आधी मराठीत विचार करून लिहा. "आकारमान, वजन, कमाल वेग" अशी जंत्री आठवीतलं मूल वाचत नाही. आमच्या पंखाच्या तुकड्याखाली लिहिलंय: "या तुकड्यावर डोळे मिटून बोट फिरवा. एक रिव्हेट किंचित वर आहे. सापडला का? कारखान्यात हे बोटांनी तपासायचे." (तुकड्याच्या कडा आम्ही रबरानं झाकल्या आहेत.) मुलं रांग लावतात. शेजारी काकांच्या त्या ठोक्यांचं रेकॉर्डिंग बटण दाबून ऐकता येतं.

एका वेळी पंचवीसच्या वर मुलं घेऊ नका, सोबत शिक्षक हवेतच, आणि आमचा एकटा स्वयंसेवक मुलांसोबत कधीच नसतो.

आणि आता, विमान

हे सगळं दोन वर्षं सुरळीत चाललं असेल तरच पुढे वाचा.

वायुदल निवृत्त विमानं शिक्षणसंस्था, नगरपालिका, संग्रहालयं यांना प्रदर्शनासाठी देतं. अर्ज वायुदलाच्या दिल्लीतल्या मुख्यालयाकडे जातो. त्यात भावना कमी आणि व्यवस्था जास्त लिहा: नोंदणी, जागेची कागदपत्रं, पाया, छप्पर, कुंपण, रात्रीची राखण, देखभालीला दरवर्षी कोण किती तास देणार. विमान सोडवून आणण्याचा आणि उभं करण्याचा खर्च आपल्यावर येईल हे धरूनच चाला.

मिग-२१ चा पंखविस्तार जेमतेम ७.१५ मीटर, पण नाकाच्या नळीसह लांबी १५ मीटरच्या आसपास. भोवती माणूस फिरायला आणि शिडी लावायला जागा धरली, तर शेड किमान २० बाय १२ मीटरची हवी. पंख सुटतात, आणि इंजिन काढण्याच्या सोयीसाठी मागचा धडही पुढच्यापासून सुटतो, त्यामुळे ट्रेलरवरून नेता येतं. पण सोडवताना प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेच्या चिठ्ठीसकट वेगळ्या पिशवीत गेला पाहिजे. या कामासाठी ज्यांनी ती विमानं आयुष्यभर जोडली ती माणसं इथेच, चार गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांना आधी विचारा.

छपराशिवाय विमान घेऊ नका. चौकात खांबावर चढवलेलं विमान वर्षभर देखणं दिसतं, मग रंग उडतो, पाखरं घरटी करतात, पाणी झिरपण्याची भोकं काडीकचऱ्यानं बुजतात आणि आतून पोखरायला लागतं. मुंबईची आयएनएस विक्रांत आठवा. १९७१ चं युद्ध लढलेली विमानवाहू नौका, २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांना खुली; २०१२ मध्ये ती बंद करावी लागली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. प्रेम करणारे लाखो होते. दरवर्षी दुरुस्ती कोण आणि कशातून करणार, याचं उत्तर नव्हतं.

वेळही पाहून ठरवा. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत क्रेन रुतते. २०२७ च्या सिंहस्थात रस्ते, क्रेन, ट्रेलर, पोलीस बंदोबस्त यातलं काहीच आपल्याला मिळणार नाही, त्यामुळे त्या पर्वणीच्या गर्दीसाठी घाईनं उद्घाटन ठरवू नका. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात बरा. माती कोरडी, पहाटेची हवा स्थिर.

आणि विमान ज्या दिवशी आवारात येईल, त्या दिवशी कुणाच्याही हातात फडकं किंवा रंगाचा ब्रश देऊ नका. हार-तुरे, पेढे, फोटो होऊ द्या. संध्याकाळी गर्दी पांगली, की दोघांनी टॉर्च घेऊन नाकापासून शेपटीपर्यंत फिरायचं, प्रत्येक पोचा, प्रत्येक शिक्का, प्रत्येक पुसट अक्षर फोटोत घ्यायचं, आणि मग वहीत पुढचा दाखल क्रमांक टाकून पहिली ओळ लिहायची.